ज्याचे जास्त त्याचा पाट

माझा अंगठा रामाचं नाव घेत नव्हता. हे मी एक माणूस सोडून आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सासरच्या सगळ्या गोतावळ्याची समजूत अशी की मी चालताबोलता मनातल्या मनात जप करणारा माणूस आहे. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो आहे, ओठ किंचित हलताहेत, नजर लांब कुठंतरी. लग्नाकार्यात म्हातारी माणसं पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "पाय, याले म्हणतात नामस्मरण." मी खाली बघतो. खाली बघितलं की आणखीच भाविक दिसतो, हेही मला ठाऊक आहे.

खरं एवढंच की मी गोल्फचे फटके मोजत होतो. आणि तेही अशा खेळात, जो न मोजता खेळायचा असं आम्ही ठरवलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्यानं ते थोरले जावई, मी धाकटा. वयानंही ते मोठे. ते रेल्वेत, मी सरकारी बांधकामात सब-इंजिनिअर. त्यांचं प्रमोशन परीक्षेत दोनदा अडकलं आणि मग त्यांनी तो नादच सोडला. माझं मात्र रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्याबरोबर आपोआप झालं, कारण भोपाळहून यायला कोणी तयार नव्हतं आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. यात माझं कर्तृत्व काही नाही. पण सासुरवाडीला ते कर्तृत्व म्हणून मोजलं गेलं.

मोजणं हा सासऱ्यांचा धर्मच होता. त्यांना मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामाजी म्हणायचो. नोकरी सगळी रेल्वेच्या यार्डात गेली, आलेल्या-गेलेल्या मालगाड्यांचे डबे मोजण्यात. रिटायर होऊन चौबे कॉलोनीत घर बांधलं, आणि आता मोजायला डबे नाहीत म्हटल्यावर त्यांनी दोन्ही जावई मोजायला घेतले. मुलगा नव्हता, आम्हीच त्यांचं यार्ड. कोणाची स्कूटर लिटरमागं किती चालते, कोणाचा कूलर किती पाणी पितो, कोणी आणलेलं टरबूज वजनाला किती भरलं. साडू एकदा गोल बाजारातून मोठ्या हौसेनं पितळी डबा घेऊन आले, तर मामाजींनी तो आधी कानाशी वाजवला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "जवाईबापू, तुम्ही आणला होता तो याच्याहून जाड होता न?"

होता. पण मी काही बोललो नाही. न बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आता गोल्फ आमच्यासारख्यांच्या हाती कसा लागला, ते सांगतो. रायपूर राजधानी झालं तेव्हा मोठमोठे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या सवयी आल्या. आमचं खातं तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. माझं टेबल जिथं होतं तिथं पूर्वी बाळंतिणींच्या खाटा असत, असं शिपाई सांगायचा. अशा त्या खात्याला एक दिवस तोंडी हुकूम आला की साहेबांना गोल्फ पाहिजे. गावाबाहेर भाठा होता, म्हणजे धानही होत नाही अशी लाल मुरमाड पडीक जमीन. ती मला सपाट करायला दिली. गोल्फला लागतं तसं गवत तिथं उगवणं शक्य नव्हतं. म्हणून भोकाभोवती हिरवळ असते तिथं वाळूत जळकं मोटर ऑइल कालवून गोल चौथरे केले, चेंडू सरळ घरंगळावा म्हणून. बाकी जगात त्याला ग्रीन म्हणतात; आमच्या त्या काळ्या-तांबड्या चौथऱ्यांना साहेब लोक ब्राउन म्हणायचे आणि खेळून झाल्यावर बुटांना तेल लागलं म्हणून मलाच झाडायचे.

मग नव्या शहराकडे खरं, गवताचं मैदान झालं आणि साहेब तिकडे गेले. आमचा भाठा गाईंना आणि मला राहिला. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी काठ्यांची एक फाटकी पिशवी मागं टाकली होती. ती एका रविवारी मी साडूंना दाखवली.

"हे काय होय?" त्यांनी एक काठी बाहेर काढून पारखली. "गिल्ली कुठं हाय?"

मी चेंडू ठेवला, वाकलो, पाय रोवले, साहेबांना करताना बघितलं होतं ते सगळं केलं आणि मुरुमाचं एक ढेकूळ दूरवर उडवलं. चेंडू तिथंच होता. साडूंनी चप्पल काढून ठेवली, कोणतीही पूजाअर्चा न करता दांडू फिरवावा तशी काठी फिरवली, आणि चेंडू बाभळींवरून गेला तो मला दिसलासुद्धा नाही.

"हरवला वाटते," ते ओशाळून म्हणाले.

तो दुसऱ्या भोकाच्या झेंड्याजवळ पडला होता.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही जायला लागलो. ते स्टीलच्या थर्मासमधून चहा आणायचे, मी पुरानी बस्तीतून गरम जलेबी घेऊन जायचो. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी सहज म्हटलं, आता रीतसर स्कोअर ठेवायला हरकत नाही. साडू काठीवर टेकून उभे होते. म्हणाले, "राजे, एक सांगू? तिकडं ऑफिसात माहा नंबर लागते. मामाजीच्या घरी लागते. घरी पोट्टी मार्कशीट घेऊन बसते तं तिच्यापायी माहाच नंबर लागते. एक जागा तं अशी असू द्या न, जिथं कोणी मोजून नाही राहिलं."

मी म्हणालो, "बिलकुल बरोबर. मोजायचं नाही." आणि आम्ही चहाचे पेले एकमेकांना लावले.

त्याच दिवशी पुढच्या भोकापासून मी मोजायला लागलो.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोजायचं नाही असं ठरल्याबरोबर मला आकडे दिसायला लागले. उजव्या हाताच्या पेरांवर माझे फटके, डाव्या हाताच्या पेरांवर त्यांचे. फटका मारला की काठी काखेत धरायची आणि अंगठा सरकवायचा. नऊ भोकं झाली की बेरीज डोक्यात पक्की. गोल्फमध्ये कमी फटक्यांत जो भोकात घालतो तो जिंकतो, आणि साडू जिंकत होते. दर रविवारी. दहा-दहा, पंधरा-पंधरा फटक्यांनी. आपण जिंकतो आहोत हे ठाऊक नसल्यामुळे ते खुशीत शिट्टी वाजवत चालायचे, त्याचा मला फार राग यायचा.

मग मी चोरी करायला लागलो. ते बाभळीत चेंडू शोधायला वाकले की मी माझा बुटाच्या टोकानं हळूच पुढं सारायचो. ज्या खेळात हारजीतच नाही त्यात लबाडी करणारा माझ्याखेरीज दुसरा कोणी झाला असेल असं वाटत नाही. सोय अशी की कोणी संशय घेणं शक्य नव्हतं. उलट साडूच म्हणायचे, "अरे, दगडात अडकला न तुमचा? उचला, पुढं ठेवा. आपल्याले काय मोजाचं हाय?" मी उचलायचो, पुढं ठेवायचो आणि तरी हारायचो.

साडूंना माझा अंगठा दिसत होताच. पण त्यांच्या सरळ डोक्यात भलतंच आलं. एकदा जेवायला सगळे चौबे कॉलोनीत जमलो असताना त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं, "मामीजी, तुमचे धाकटे जवाई म्हणजे साधू माणूस हाय. खेळता खेळता जप करतात. दोन्ही हातानं!"

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "दोन्ही हातानं?"

"एका हातानं रामाचा असन, दुसऱ्यानं विठ्ठलाचा," साडू म्हणाले. थट्टा नव्हती ती. त्यांना माझं खरंच कौतुक वाटत होतं.

नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर मग काय मोजत होतो ते सांगावं लागलं असतं. मी ताटाकडे बघितलं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी मला तुळशीची जपमाळ दिली. ती मी खिशात ठेवायला लागलो आणि सांगायला लाज वाटते, पण हिशेब फारच सोपा झाला.

फसले नाहीत ते फक्त मामाजी. एका रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी सकाळची बेरीज पुन्हा एकदा पेरांवर पडताळत होतो. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं.

"जवाईबापू," ते डोळे न उघडता म्हणाले, "हा जप नाही होय."

मी अंगठा मुठीत लपवला.

"जपात अंगठा पुढं पुढं जाते. तुमचा थांबते, मागं येते, अन् परत मोजते. देवाचं नाव कोणी तपासून पाहाते का? जिंदगीभर डबे मोजले मी. खरं सांगा, काय मोजून राहिले?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी ओळखलं होतं. मी सांगून टाकलं. मोजायचं नाही असं ठरलंय, पण मी मोजतो.

मामाजी ताडकन उठून बसले. त्यांचा चेहरा उजळला. "मले वाटलंच! कोणी न मोजता खेळते का? मग खेळाले जाता काहून? सांगा सांगा, आज तुमचे किती? त्याचे किती?"

"माझे एकाहत्तर. त्यांचे छप्पन्न."

"पंधरानं!" त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो. "शाब्बास! पंधरानं हाणला!"

ज्याचे जास्त तो मोठा. डब्यांचं तसंच, मार्कांचं तसंच, टरबुजाचंही तसंच. दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून हाक आली, "भात वाढला, या." म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर ते झोपले. झोपून उठले तेव्हा इतके खुशीत होते की त्यांनी स्वतः माझ्यासाठी पान लावलं, आणि पान तोंडात असताना माणूस बोलणार काय?

मी खोटं बोललो नव्हतो. आकडे अगदी खरे होते. आमच्यासारख्या गप्प माणसांना एवढं समाधान पुरतं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमची गुप्त बैठक व्हायची. बायकांसमोर विचारायची त्यांची खूण होती, "काय, आज किती माळा?" मी हळूच आकडे सांगायचो आणि ते मान डोलवायचे. पण एका रविवारी काय झालं, माझे फटके बरे बसले, आणि मी फक्त चारच्या फरकानं हारलो. म्हणजे मामाजींच्या हिशेबात चारनंच जिंकलो. त्यांचं तोंड उतरलं. "तब्येत बरी नव्हती का?"

पुढच्या रविवारी मी मुद्दाम वाईट खेळलो. आधी मी फटके कमी पडावेत म्हणून चेंडू बुटानं पुढं ढकलायचो. आता वाढावेत म्हणून मागं ढकलायला लागलो. भोकाच्या काठावर आलेला चेंडू काठीनं पलीकडे घालवायचो. एकदा मुद्दाम भाठ्याच्या कडेच्या तळ्यात मारला. साडू गुडघाभर पाण्यात उतरून तो काढून आणत म्हणाले, "काही नाही होत, राजे. मन लागून नाही राहिलं तुमचं. मारा आणखी एक." मी आणखी एक मारला. तोही मोजला.

इथवर सगळी गंमत होती. पुढचं सांगायला हे सगळं लिहितो आहे.

मामाजींच्या घरी एक शिसवी पाट होता, कोपऱ्यांवर चांदीची फुलं ठोकलेला. घरात एकच. सणावाराला त्यावर थोरला जावई बसायचा. साडूंच्या नोकरीचं काहीही झालं, टरबूज हलकं भरलं, डबा पातळ निघाला, तरी तो पाट त्यांचा होता. पंगत मांडताना ताई, म्हणजे त्यांची बायको, स्वतः पाट पुसायची, आणि पुसताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी दर वेळी बघितलेलं आहे. माहेरी तिच्या नवऱ्याची एवढी एकच वस्तू होती.

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयांना जेवायला बोलावून अनारसे वाण द्यायचे, पाय धुवायचे. ताईनं पाट पुसून नेहमीच्या जागी मांडला. साडू पाय धुऊन आले, धोतर सावरून बसायला वाकले, आणि मामाजी म्हणाले, "थांबा. आज तिथं धाकटे बसतील."

कोणाला काही कळेना. सासूबाई म्हणाल्या, "काहून जी? थोरले..."

"ज्याचे जास्त त्याचा पाट," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला.

सगळ्यांनी जपाचाच अर्थ काढला. साडूंनीही. ते वाकलेले होते तसेच सरळ झाले, एक क्षण उगाच धोतराचा काठ झटकला आणि हसून म्हणाले, "बरोबर हाय न. हे देवाचं नाव घेतात. मी तं नुसता बॉल शोधतो." आणि बाजूच्या साध्या पाटावर जाऊन बसले.

तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं: मामाजी, या खेळात कमी फटक्यांवाला जिंकतो. इतकं सोपं. आतून कोणी भाताची हाकही मारली नाही. पण मी पाटावर बसलो. सासूबाईंनी पाय धुतले. पुढ्यात अनारशांचं ताट आलं आणि मी ते खाल्ले, चांगले जाळीदार झाले होते. ताई वाढायला आली नाही. माझी बायको आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "ताईच्या डोळ्यात धूर गेला." स्वयंपाक गॅसवर होता.

त्या दिवसापासून पाट माझा. ताई सणाला यायची, पण पाट पुसायला पुन्हा कधी बसली नाही. साडू मात्र पुढच्याच रविवारी थर्मास घेऊन हजर. "बरं झालं, राजे," म्हणाले, "त्या पाटावर माही मांडी अवघडे." मग शिट्टी वाजवत गेले आणि पहिलाच फटका असा मारला की चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या.

एकदा मी पकडला जाणार होतो. मामाजींना खेळाच्या चॅनलवर गोल्फ सापडला. मी बैठकीत शिरलो तर ते पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसलेले. "जवाईबापू, हा मायनसवाला पहिला काहून? अन् ज्याचे जास्त तो खाली काहून?"

माझी मुलगी तिथंच होती. ती म्हणाली, "नानाजी, गोल्फ में तो..." मी तिला दुकानात दूध आणायला पिटाळलं. घरात दूध होतं.

"मामाजी, ते परदेशातलं आहे," मी म्हणालो. "तिकडं गाड्यासुद्धा रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालतात."

त्यांनी टीव्ही बंद केला. "हव," ते शेवटी म्हणाले, "उलटेच लोक." या सगळ्या प्रकरणात मी तोंडानं बोललेलं खोटं एवढंच.

मामाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारात इस्पितळात नर्सला माझी ओळख करून देताना म्हणाले, "हा जास्तवाला." तिला वाटलं, म्हातारा भ्रमात आहे. पुढं घर विकलं, सासूबाई आमच्याकडे आल्या, आणि त्यांच्याबरोबर तो पाटही. आमच्या देवघरासमोर असतो. सासूबाई सांगतात, यावर बसून जप करा. मी बसतो.

भाठ्यावर आता प्लॉटचे दगड रोवले आहेत. ब्राउनवरची वाळू कोणीतरी बांधकामाला नेली. तरी आम्ही जातो; दोन-तीन भोकं शिल्लक आहेत तेवढी खेळतो. साडू रिटायर झाले. गेल्या महिन्यात त्यांनी लांबून चेंडू भोकाजवळ नेऊन ठेवला, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राजे, एक डाव मोजून खेळाचा का?"

मी दचकलो. "आता काय मोजायचं? तुम्हीच तर नको म्हणाला होतात."

"हव, म्हणलो होतो. तवा बरं वाटलं. पण आता कधी कधी वाटते, मी बरा खेळतो का नाही, हे मले कळलंच नाही. जिंदगीत कुठं तं मी चांगला असन न? का इथंही तसाच होय?"

ते हसत होते, पण उत्तराची वाट बघत होते. बेरजा मला अजूनही पाठ आहेत. मी म्हणालो, "चहा थंड होऊन राहिला, साडूभाऊ." त्यांनी थर्मास उघडला, आणि आम्ही चहा प्यालो.

मला त्यांना सांगायचं आहे की मी सुरुवातीपासून मोजत आलो, आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी तुम्ही जिंकलात. हे ताईसमोर सांगायचं आहे, आणि पाट त्यांच्या घरी पोचवून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.